नाव आठवत नाही, पण किताब हवी आहे

रविवारी असरच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाचे दार उघडते. आम्ही तीन शिक्षक पाळीपाळीने तिथे बसतो. दोघे उर्दू शाळेतले, एक मराठी शाळेतले. पगार कुणालाच नाही, चहा मात्र शेजारच्या हॉटेलातून न मागता येतो. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आम्ही 'ड'च्याही उंबरठ्याबाहेर आहोत. दोन खोल्या, सात कपाटे, आणि कुणाच्या ना कुणाच्या मरहूम वडिलांच्या संग्रहातून आलेली पुस्तके.

इथे बसायला लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, पुस्तकाचे बरोबर नाव सांगून पुस्तक मागणारे फार थोडे. बाकीचे असे येतात: "सर, ते लाल पुस्तक आहे का?" "ती धनगरवाडी द्या." "त्या दोन बहिणींची किताब, एक आळशी आणि एक हुशार." "माझ्या भावाने मागच्या वर्षी नेले होते, जाड होते." मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते पुस्तक अगदी स्पष्ट असते, फक्त नाव तेवढे निसटलेले असते.

सुरुवातीला आम्हाला याची गंमत वाटायची, आणि त्या गमतीतच एक चूक झाली. तिशीतली एक बाई आली होती. सातवीनंतर शाळा सुटलेली, लग्न, मुले, संसार. तिने दबक्या आवाजात विचारले, "ते एका मुलाचे पुस्तक आहे ना, सारखा टॉक् टॉक् करतो?" आमच्यापैकी एकाला हसू आले, दुसऱ्यालाही आले. पुस्तक आम्ही लगेच दिले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ओळखायला असा कितीसा वेळ लागतो! पण ती पुस्तक घेऊन गेली ती परत आली नाही. पुस्तक तिने मुलाच्या हाती परत पाठवले. तिच्या घरावरून आम्ही अनेकदा जातो. ज्या बाईने इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढली, तिला आम्ही दोन मिनिटांत खाली उतरवले. ती हसण्यासारखे काही बोललीच नव्हती, तिने तर पुस्तकाची सर्वांत पक्की खूण सांगितली होती.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. मागणारा काहीही म्हणाला तरी पहिले वाक्य हेच: "बसा, शोधू या."

शोधण्याची रीत हळूहळू हाताला बसली. पुस्तकाचे नाव आठवा, लेखक आठवा, असे विचारून काही उपयोग नसतो; तेच तर आठवत नसते. त्यापेक्षा विचारावे, कुठे वाचले होते? शाळेत, माहेरी, दवाखान्यात? कुणी दिले होते? पुस्तक स्वतः वाचले की कुणी वाचून दाखवले? माणसाला पुस्तकापेक्षा ती जागा आणि तो माणूस आधी आठवतो, मग त्यांच्या मागून पुस्तक येते.

आमच्या घरांत आणखी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: पाने कुठल्या बाजूने उलटत होता? ज्यांच्या घरी उर्दू, मराठी, हिंदी तिन्ही भाषांची ये-जा आहे, त्यांना गोष्ट आठवते पण भाषा आठवत नाही. हाताला मात्र आठवते. डोळे मिटून पान उलटायला सांगितले की हात आपोआप उजवीकडे किंवा डावीकडे जातो, आणि निम्मी कपाटे वगळता येतात.

मुखपृष्ठाच्या रंगावर मात्र आमचा भरवसा नाही. वाचनालयातली जुनी पुस्तके बाइंडरकडे जातात, आणि त्याच्याकडे ज्या रंगाचे कापड शिल्लक असेल त्या रंगाची होऊन येतात. आमच्याकडे एका वर्षी सत्तर पुस्तके एकदम लाल झाली. त्या वर्षीच्या प्रत्येक वाचकाला आपले पुस्तक लाल होते एवढेच ठाम आठवते.

'धनगरवाडी' म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', हे लगेच कळते. तीत धनगर आहेतच, वाचकाची चूक कसली? एक मुलगा 'फकीरबाबाचे पुस्तक' मागायला आला. आम्ही सुफी संतांच्या कपाटाकडे वळलो. थोडे खोदून विचारल्यावर कळले की त्याला अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' हवा आहे. दोन बहिणींची किताब म्हणजे डिप्टी नज़ीर अहमद यांची 'मिरात-उल-उरूस', १८६९ सालची. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात, पण आमच्या आयाबहिणींनी ते नाव कधी उच्चारले नाही. त्यांच्यासाठी ती सदैव 'अकबरी-असगरी'च राहिली. आणि चिमट्याचे पुस्तक? ते पुस्तकच नाही. प्रेमचंदांची 'ईदगाह' ही एक कथा आहे, 'मानसरोवर'च्या पहिल्या भागात ती सापडते. लोक ज्याला पुस्तक म्हणतात ते कित्येकदा शाळेतला धडा असतो, नाहीतर मासिकातली गोष्ट. म्हणून मागणारा किती वर्षांचा आहे आणि कुठल्या माध्यमात शिकला, हे गप्पांच्या ओघात काढून घ्यावे लागते. 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर वाचायला मिळतात. त्यामुळे सत्तरच्या दशकात शाळेत असलेल्यांच्या अर्ध्या तक्रारी मिटतात.

पोस्टातून निवृत्त झालेले एक चाचा 'विनोद आणि हमीदची जासूसी' मागत होते. आम्ही उर्दू कपाटात विनोद शोधत बसलो, तो कुठला सापडणार! शेवटी चाचांच्या बोलण्यात बकरा पाळणारा कॅप्टन आला आणि उजेड पडला. इब्ने सफी यांच्या उर्दू कादंबऱ्यांतला कर्नल फरीदी हिंदी आवृत्तीत कर्नल विनोद झाला, इमरान राजेश झाला, हमीद मात्र हमीदच राहिला. चाचांनी तरुणपणी रेल्वे स्टेशनवरून हिंदी प्रती घेऊन वाचल्या होत्या. आता ते उर्दूत वाचतात आणि फरीदीला विनोदच म्हणतात.

याच चाचांनी मग तीच कादंबरी तीन वेळा नेली. दर वेळी नवीन म्हणून. पहिल्यांदा आमच्या तोंडून "चाचा, ही तर झाली की" असे निघून गेले आणि त्यांचा चेहरा पडला. आता आम्ही काही न बोलता नोंद करून देतो. रहस्यकथा प्रत्येक वेळी नवी वाटणे ही तशी वाईट गोष्ट नाही. पण एके दिवशी ते घरचा रस्ता विसरले, तेव्हा आम्ही त्यांच्या मुलाला गाठून डॉक्टरांना दाखवायला सांगितले. पुस्तकाचे नाव विसरणे वेगळे आणि रस्ता विसरणे वेगळे. घरातल्यांनी यातला फरक ओळखायला हवा.

हे काम आजचे नाही. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अन-नदीम नावाचा एक वर्राक होता. वर्राक म्हणजे पुस्तकांच्या नकला करून विकणारा. त्याने इ. स. ९८७-८८च्या सुमारास 'अल-फिहरिस्त' लिहिली: अरबीत जी जी पुस्तके आहेत असे त्याला ठाऊक होते, त्यांची यादी, लेखकांच्या हकीकतीसह. शायरांची नोंद करताना कुणाची शायरी किती पाने भरते हेही तो सांगतो, आणि पान म्हणजे एका बाजूस वीस ओळींचे सुलेमानी पान, असा खुलासा करतो. दुकानदार माणूस! गिऱ्हाइकाचे प्रश्न त्याला माहीत असणार. आपल्या मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची, आणि पुढे १९५० पर्यंतच्या पुस्तकांची, सूची केली. जुन्या मराठी पुस्तकाचे अर्धवट नाव घेऊन कुणी आले की मोठ्या ग्रंथालयात जाऊन 'दाते सूची' पाहणे हाच आमचा उपाय. आणि मद्रासचे एस. आर. रंगनाथन, जे आधी आमच्यासारखेच शिक्षक होते, गणिताचे. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तो वाचताना आम्हाला खालाजानची आठवण होते, कारण त्यांचे चार महिने आम्ही घालवले.

खालाजान सत्तरीच्या पुढच्या. नववीतल्या नातीचा हात धरून आल्या. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "बेटा, मेरेकू नाम याद नै. अब्बा पढते थे, हम सब सुनते थे."

आम्ही विचारले, त्यात काय होते?

"एक आदमी मरते मरते बचा. उसने आखिरत का हिसाब देखा."

एवढे ऐकून आम्हाला वाटले, सापडले. मरण, कबर, हिशेब. 'मौत का मंज़र' आमच्याकडे होतेच, बऱ्याच घरांत असते. ते नातीच्या हाती दिले. पंधरा दिवसांनी परत आले. नातीला उर्दू येत नाही, ती मराठी शाळेत जाते. शेजारणीकडून थोडे वाचून घेतले होते. "हे नाही," नात म्हणाली. "दादी म्हणते, त्यात घर होतं." मग आम्ही आणखी दोन धार्मिक पुस्तके दिली. तीही परत आली. 'बहिश्ती ज़ेवर' दाखवले. खालाजान थोड्या चिडून म्हणाल्या, ते तर माझ्या जहेजमध्येच होते, ते मी ओळखणार नाही का?

आमची चूक आता सांगायला सोपी वाटते. त्यांचे पहिले वाक्य ऐकून आम्ही पुस्तकाचे कपाट ठरवून टाकले आणि मग त्याच कपाटात शोधत राहिलो. त्यांनी 'घर' म्हटले तेव्हाच थांबायला हवे होते.

चौथ्या महिन्यात, पावसाळी दुपारी, दुसरे कुणी नव्हते म्हणून आम्ही नुसत्या गप्पा मारत बसलो. पुस्तकाचे विचारलेच नाही. अब्बा कुठे बसून वाचायचे? ओसरीवर, कंदिलाशी. कोण कोण ऐकायचे? अम्मी, आम्ही तिघी बहिणी, भाईजान. भाईजानला गोष्ट आवडायची? खालाजान जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, शेवटचे जे ऐकले त्यात एक मुलगा घर सोडून दोस्ताकडे जातो. दोस्त मोठ्या हवेलीच्या बाता मारणारा. आणि प्रत्यक्षात तो त्याला एका ओसाड मशिदीत झोपवतो आणि खायला भाजलेले चणे आणून देतो. आणि वर त्या चण्यांचीच तारीफ करत बसतो.

चण्यांचे नाव निघाले आणि आमच्यातले एक सर खुर्चीतून उठलेच. 'मिर्ज़ा ज़ाहिरदार बेग'! बी. ए.ला त्यांनी तो उतारा वाचला होता. पुस्तक 'तौबतुन्नसूह'. लेखक पुन्हा तेच, डिप्टी नज़ीर अहमद. दिल्लीत हैज्याची साथ येते, नसूह मरणाच्या दारातून परत येतो, आजारपणात त्याला आखिरतचे ख्वाब पडते, आणि बरा झाल्यावर तो स्वतःला आणि सगळ्या घराला सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम शायर, आपल्या मनाचा. तो ऐकत नाही. मुलगा घर सोडतो, बाप त्याचा ग्रंथसंग्रह जाळतो.

आता रेख्ताच्या संकेतस्थळावर पाहू, नाहीतर मुंबईहून मागवू, असे बोलत आम्ही दाखल नोंदवही उघडली. पुस्तक आमच्याकडेच होते. चार वर्षांपासून. आमच्यापैकीच कुणीतरी नाव वाचून ते 'तौबा' म्हणून नोंदवले होते आणि पुठ्ठ्यावर धार्मिक पुस्तकांची हिरवी चिठ्ठी चिकटवली होती. 'मौत का मंज़र' काढताना आमचा हात त्याच्यावरूनच गेला असणार. कादंबरीला पिवळी चिठ्ठी असते. लेखकाच्या रकान्यात फक्त 'डिप्टी' लिहिलेले होते, जणू कुणी सरकारी अधिकारी.

पुस्तक हातात देताच खालाजाननी ते उघडले नाही. मांडीवर ठेवले आणि विचारले, "वो लडका घर वापस आया क्या?"

मग बाकीची हकीकत कळली. भाईजानला कव्वालीचा नाद होता. अब्बांना तो मंजूर नव्हता. एका संध्याकाळी अब्बांनी त्याची बाजाची पेटी अंगणात फोडली, आणि दुसऱ्या दिवशी भाईजान मुंबईला निघून गेला. भायखळ्याहून एक पोस्टकार्ड आले, नंतर काही नाही. अब्बांनी ते पुस्तक कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवले आणि पुन्हा कधी काढले नाही. चण्यांच्या पुढे घरात कुणी ऐकलेच नाही. साठ वर्षे झाली असतील.

आम्हाला शेवट ठाऊक होता. कलीम परत येतो, पण कसा? लढाईत जखमी होऊन, इतरांच्या खांद्यावरून. तौबा करतो आणि मरतो. त्या प्रश्नावर आम्ही तिघेही गप्प बसलो. खालाजान गेल्यावर वाद झाला. एकाचे म्हणणे, "आला" एवढेच सांगावे, खोटे तर नाही. दुसऱ्याचे म्हणणे, अर्धा धडा शिकवून मुलांना घरी पाठवतो का आपण? तिसऱ्याला वाटत होते की पुस्तक शोधून देण्यापर्यंतच आपले काम, त्यापुढचे त्यांच्या घरचे. पण घरी वाचणार कोण? नातीला लिपी येत नाही, मुलगा-सून कामावर. पुस्तक सापडले आणि तरी बंदच राहिले असते.

शेवटी ठरले की दर रविवारी मगरिबच्या आधी दहा-बारा पाने वाचून दाखवायची, अगदी पहिल्यापासून. नज़ीर अहमदांची दिल्लीची उर्दू आमच्या दखनी कानांना सोपी नाही. खालाजानना मात्र आमच्यापेक्षा जास्त कळायची. मधेच एखाद्या शब्दाला त्या थांबवून अर्थ सांगायच्या, "अब्बाने बताया था" म्हणून. नात शेजारी बसून कठीण शब्द वहीत देवनागरीत उतरवून घ्यायची. दोन-चार आठवड्यांत इतर बायकाही दाराशी येऊन बसू लागल्या. चण्यांच्या प्रसंगाला सगळ्या हसल्या, खालाजान सर्वांत जास्त.

ते प्रकरण संपले तेव्हा त्या म्हणाल्या, "बस. यहीं तक." पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. आम्हाला वाटले, आमच्या हातून पुन्हा तेच झाले, फास्टर फेणेवाल्या बाईसारखे. तिसऱ्या रविवारी नात एकटी आली आणि विचारू लागली की पुढची पाने मी दादीला घरी वाचून दाखवू का, मला अलिफ-बे शिकवाल का? आम्ही म्हटले, शिकवू, पण कादंबरी वाचण्याइतके यायला वर्ष जाईल. चौथ्या रविवारी खालाजान स्वतः आल्या. तब्येत बरी नव्हती, एवढेच म्हणाल्या. खुर्चीवर बसल्या. "पढो."

शेवटची पाने वाचायला तीन रविवार लागले. वाचणाऱ्या सरांचा आवाज बसला, पाणी प्यायला ते दोनदा थांबले. खालाजान रडल्या नाहीत. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, "अपनोंमेंच मरा ना?"

आम्ही म्हटले, हो, आपल्या माणसांत.

"तौबा करके?"

हो.

त्यांनी मान हलवली, ओढणी सावरली आणि नातीला म्हणाल्या, चल, मगरिब होईल. दारापर्यंत गेल्यावर परत वळून आमच्यावर थोड्या रागावल्याही: नज़ीर अहमदने बापाला फार लांबलचक भाषणे दिली आहेत, मुलाला थोडी कमी. हे आम्हालाही पटते. लेखकाचा कल बापाकडे होता, पण त्याच्या हातून कलीमच जास्त जिवंत उतरला.

त्या दिवशी आम्ही हिरवी चिठ्ठी काढून पिवळी लावली. दाखल नोंदवहीत एक नवा रकानाही आखला. नाव, लेखक, किंमत यांच्या पुढे आता 'लोक काय म्हणून मागतात' असे लिहिलेले असते. 'मिरात-उल-उरूस'समोर अकबरी-असगरी, इब्ने सफीसमोर विनोद आणि बकरा, 'बनगरवाडी'समोर धनगरवाडी. 'तौबतुन्नसूह'समोर लिहिले आहे: हैजा, ख्वाब, जाळलेली पुस्तके, चणे. मुलांनाही आम्ही सांगून ठेवले आहे की घरातल्या जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते कुणी आणले, कोण वाचायचे, एवढे पेन्सिलीने लिहून ठेवा. नंतर आम्हालाच शोधायला सोपे जाते.

नात रविवारी तासभर आधी येते. जीम, चे, हे, खे पर्यंत पोचली आहे. मागच्या आठवड्यात तिने विचारले की दादीला आणखी एक किताब हवी आहे, नाव आठवत नाही, पण त्यात एक विहीर होती. आम्ही विचारले, पाने कुठल्या बाजूने उलटायची? ती म्हणाली, विचारून सांगते.